पाहुणा म्हणून नाय

गंजलेल्या तारेचा वास तळहाताला लागला की मला सालवडजवळचं आमच्या गावाचं गुरचरण आठवतं. भातकापणी झाली की आम्ही सगळे तिथे हुतूतू खेळायचो, टाचेने रेघा ओढून, अनवाणी. पायाला खडा-काटा न लागणारी तेवढीच एक जागा होती. साठ सालानंतर बोईसरला कारखाना आला, त्याची वसाहत झाली आणि गुरचरणाला काटेरी तार लागून ते वसाहतीचं मैदान झालं. एका संध्याकाळी वसाहतीतल्या साहेबलोकांना खेळायला गडी कमी पडले. आम्ही तारेला धरून बघत उभे होतो. एक साहेब हसून म्हणाला, "या ना आत, आमचे पाहुणे म्हणून खेळा." माझे सोबती फाटकातून पळतच गेले. मी हललो नाही. माझ्या चुलतभावाने आतून हाक मारली, "अरे ये ना! पाय शिवशिवत नाय काय तुजे?" शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू. पण मी ओरडलो, "आपल्याच रानात पावना व्हायचं? तू हो. मी नाय." "मग राहा तिथंच, दाव्याला बांधल्यावानी," म्हणत तो चढाईला गेला. मला आत जाववेना आणि घरीही जाववेना. तार इतकी आवळली होती की काटा तळहातात रुतला तरी हात सुटेना. आता त्या मैदानात चालायला चांगली वाट केली आहे, आणि डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय. सून म्हणते, "बाबा, फाटक सगळ्यांना उघडं हाय." मी तारेच्या बाहेरूनच चालतो, ट्रक चुकवत.