काऊन, ते सांग

“हे तं नाव झालं. काऊन, ते सांग.”

खराटा भिंतीला टेकवून मावशी असं म्हणाली की आम्ही हसायचो. वरवट बकालजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका होती. ती झाडायला मावशी यायची. आम्ही मोठमोठ्यानं पाठांतर करायचो: सर्वांत लांब नदी, सर्वांत मोठा ग्रह, कोणत्या देशाची कोणती राजधानी. मावशीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून तिचंही अर्धं पाठ झालं होतं. कुणी अडखळलं की टेबलाखालून झाडता झाडता ती राजधानी सांगून मोकळी व्हायची.

तेवढ्यावर तिचं भागत नसे. चंद्रामुळे भरती येते म्हटलं की, “काऊन? इतक्या दुरून कसा वढते तो?”

“मावशी, परीक्षेत ‘का’ विचारत नाहीत.”

“मंग तुमी शिकून काय राह्यले बाप्पा?”

अशा बाईला गावात आगाऊ म्हणतात, तुम्हाला ठाऊकच आहे. आम्हीही म्हणायचो.

एक दिवस ती माझ्यासमोर येऊन बसली. ती कधी बसत नसे.

“आमच्या इहिरीचं पाणी खारं काऊन?”

मी काय म्हणालो सांगू? “ऑप्शन काय काय आहेत?” सगळी खोली हसली. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मावशी हसली नाही. नवऱ्याला ती बुढा म्हणायची. “बुढ्याची किडनी खराब झाली. डॉक्टर म्हणे, हे पाणी सोडा. बुढा म्हणते, माह्या बापानं हेच पेलं. नळाचं भरून ठेवलं तं सांडून देते. पण छापेल असलं तं मानते तो, त्याले वाचता येते. तेवढं पान काढून दे.”

समोरच्या कपाटात ज्ञानकोशाचे खंड होते. कपाटाला कुलूप, आणि चावी शेजारच्याच खिळ्याला. हात लांब केला असता तर पुरलं असतं. मी म्हणालो, “परीक्षा होऊ दे.” ती दर आठवड्याला विचारायची, “काढलं काय रे?” शेवटी मी वैतागून म्हणालो, “मावशी, ते सिलॅबसमध्ये नाही.”

दिवाळीनंतर बुढा गेला. मावशीनं अभ्यासिकेचं काम सोडलं. मला बुढ्याच्या हट्टाचा राग येतो, आमच्या त्या घोकंपट्टीचा येतो, पण सगळ्यांत जास्त माझा येतो.

कारण मी पास झालो. मुलाखतीत आपल्या भागाची माहिती विचारतात, म्हणून कपाट उघडलं. अर्ध्या पानात सगळं होतं. आमच्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या गाळात क्षार आहेत, ते विहिरींच्या पाण्यात उतरतात, असं पाणी पिण्याजोगं नसतं. वाचायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला. मी न अडखळता बोललो, आणि समोरच्या साहेबांनी मान डोलावली. आता जानेफळला सरकारी खुर्चीत बसतो.

रुजू होण्याआधी त्या पानाची झेरॉक्स घेऊन मावशीच्या घरी गेलो. ती ओट्यावर मेथी निवडत होती. तिनं कागद घेतला आणि ओळींवरून बोट फिरवलं.

“हे तुले परीक्षेत विचारलं काय?”

“विचारलं, मावशी.”

तिनं कागदाची घडी केली आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

“मंग तुह्याच कामाचं हाय. मी आता कोणाले दाखवू?”

इतके दिवस का काढलं नाहीस, एवढं तरी ती विचारेल असं वाटत होतं. ती मेथी निवडत राहिली.