मधला लोहकीस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते तालुक्याच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म सरांनीच भरला, आणि सही कुठे करायची तेही वडिलांना त्यांनीच दाखवलं.

आता मी कळव्यात राहतो आणि ठाण्याच्या एका कॉलेजात पीएचडी करतो. काही ताऱ्यांच्या पृष्ठभागावर क्रोमियम, युरोपियम अशी मूलद्रव्यं भलत्याच प्रमाणात जागोजाग साचलेली असतात, आणि त्यांचं चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या हजारो पट असतं. तारा फिरतो तसं ते कमीजास्त दिसतं. अशा एका ताऱ्याचं क्षेत्र मी सरळ पट्टीचुंबकासारखं दोन ध्रुवांचं धरलं. आलेख सुरेख आला. पाच बिंदू तेवढे रेषेबाहेर पडत होते, ते काढून टाकले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मूळ नोंदी मागवल्या. "हे पाच कुठे गेले रे?"

"ढग असतील मॅडम, म्हणून वगळले."

"'असतील' सोड. होते का?"

वेधशाळेच्या नोंदीत आकाश स्वच्छ लिहिलं होतं, आणि मी ते वाचलेलं होतं. त्या ताऱ्याचं क्षेत्र दोन ध्रुवांत मावणारं नव्हतंच. काम पुन्हा करायचं, म्हणजे प्रबंध वर्षभर लांबणार.

सर थकलेत. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. दर पत्रात शेवटी एकच ओळ असते, प्रबंध कधी? समोर बसून सांगावं म्हणून मी तीनदा ठाण्याच्या खोपट एसटी स्टँडवर गेलो. गावची एसटी लागायची, मी चहा घ्यायचो, गाडी सुटायची, आणि मी कळव्याचा पूल चालत ओलांडून परत यायचो. शेवटी पत्र टाकलं.

'सर, सा. न.

प्रबंध या वर्षी होणार नाही. चूक माझी आहे.

नववीत आपल्या चुंबकावर कागद ठेवून लोहकीस टाकला, तेव्हा तो टोकांना जमला तसा मधेही जमला होता. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तो पडून बिघडलाय, तू पुस्तकातली आकृती काढ." मी काढली. मार्क मिळाले, त्याच मार्कांवर इथवर आलो. पण ताऱ्याच्या बाबतीतही मी पुस्तकातलीच आकृती काढली, सर.

तो चुंबक शाळेत अजून असेल तर फेकू देऊ नका. दिवाळीत येतो. आपण दोघं पुन्हा लोहकीस टाकू, आणि मी दिसेल तसं काढीन.'