आबांचे छत्तीस फोटो

आमचे हे अठरा वर्षांत एकदाही माझ्या शाळेत आलेले नव्हते. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी सातवीच्या वर्गावर होते आणि बघते तर हे व्हरांड्यात उभे. मला वाटलं, आले पुन्हा सुनीलची वकिली करायला. माझ्या धाकट्या भावाशी मी चौदा महिने बोलत नव्हते आणि घरातला जो तो उठून मला समजवायला यायचा. मी खडू हातात घेऊनच बाहेर आले आणि यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, ‘‘सुन्याचा विषय असेल तर आल्या पावली परत जा. मला त्याचं तोंड बघायचं नाही.’’ पोरं दारातून माना काढून बघायला लागली. मग हे हळूच म्हणाले, ‘‘सुनील गेला गं... सकाळी.’’

भावासाठी माझ्या तोंडून निघालेले शेवटचे शब्द ते. फुलंब्रीहून पडेगावला त्याच्या घरी पोहोचेपर्यंत मी तेच आठवत बसले होते. छातीत दुखतंय म्हणाला, स्वतःच्या पायानं रिक्षात बसला आणि दवाखाना यायच्या आत संपला. एकोणपन्नास हे काय जायचं वय आहे? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलणार आहे, पण खोटं बोलणार नाही. मला त्याचा राग होता, आणि आज पाच आठवडे झाले तरी तो राग गेलेला नाही. ज्याच्यावर काढायचा तो निघून गेला, एवढाच काय तो फरक.

आई गेली तेव्हा सुन्या चार वर्षांचा होता आणि मी बारा. आबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. सकाळी डबा घेऊन निघायचे ते दिवेलागणीला यायचे. मग सुन्याला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, त्याची भांडणं मिटवणं, सगळं माझ्याकडं. लग्न करून फुलंब्रीला गेले तेव्हा पोरगं दोन दिवस जेवलं नाही म्हणतात. पुढं आयटीआय अर्धवट सोडून एका स्टुडिओत उमेदवारी करायला लागला, तेव्हा आबा चिडले होते. मीच त्यांना म्हणाले, करू द्या, हाताला काम आहे ना. डिजिटल कॅमेरे आले तसे त्यानं पहिल्यांदा घेतले. मग लग्नं, साखरपुडे, ड्रोन, प्री-वेडिंग. शेंद्र्याच्या कंपन्यांमध्ये लागलेल्या पोरांची निम्मी लग्नं यानंच काढली असतील. एकेका लग्नाला तीन-तीन हजार फोटो. मी विचारायचे, ‘‘अरे, एवढे बघतं कोण?’’ तो म्हणायचा, ‘‘कुणीच नाय बघत अक्का. पण कमी काढले की पाहुणे रुसतात.’’

त्याच्या डोक्यात जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याचं खूळ कसं शिरलं, तेही सांगते. एका मुलीकडचे लोक त्याच्या स्टुडिओत आले. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेलं, ते मोडलं होतं. मुलीचा बाप म्हणाला, सगळे फोटो आमच्यासमोर डिलीट करा. सुन्यानं केले. बापानं खुर्चीत बसून पडद्यावर शेवटचा फोटो जाईपर्यंत बघितलं आणि नमस्कार करून गेला. त्या आठवड्यात सुन्या माझ्याकडं आला होता, तर जेवताना मध्येच म्हणाला, ‘‘अक्का, तीन दिवस राबलो होतो गं त्या लग्नात. एका बोटानं गेलं सगळं.’’ मी म्हणाले, जाऊ दे, पिठलं गार होतंय. तेव्हाच जरा विचारलं असतं की बाबा, काय टोचलं तुला... पण मला पिठल्याचं पडलं होतं.

मग जुन्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडून त्यानं रिळाचा कॅमेरा आणला. विलायती, जड, खलबत्त्यासारखा. रीळ धुवायला शहरात कुणी राहिलं नव्हतं, म्हणून न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावला आणि तिथंच ट्रे, बाटल्या मांडल्या. घरभर आंबूस वास. शोभाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, आंघोळीचे वांधे. आबा बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून बसायचे आणि ओरडायचे, ‘‘सुन्या, अंडी उबवायला बसला का रे आत? निघ की!’’ पण त्यातून काहीतरी धुऊन ओलं-ओलं बाहेर आणलं की सगळ्यात आधी चष्मा शोधायचे ते आबाच. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या लहान पोरासारखा ते काळं रीळ उजेडाला धरून आबांना दाखवायचा. मला ही सगळी थेरं वाटायची. तसं मी तोंडावर म्हणायचे पण. ‘‘चालता धंदा सोडून हे काय भिकेचे डोहाळे लागले तुला?’’ तो नुसता हसायचा. चिडला असता तर बरं झालं असतं.

मग आबांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा मी सुन्याला म्हणाले, रविवारी येते, आबांचे नीट फोटो काढून ठेव, मला त्यांच्याजवळ बसून एक फोटो पाहिजे. मागायचं तेवढं एकच मागितलं होतं मी त्याच्याकडं. रविवारी आबांना दाढी करून, पांढरा सदरा घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. सुन्या आला तो तेच खलबत्त्याचं धूड गळ्यात घालून. मी म्हणाले, ‘‘आज तरी लग्नातला कॅमेरा आण की.’’ तर म्हणाला, ‘‘आबांचे तीन हजार नाय काढायचे मला. एका रिळात बसतात ते छत्तीसच काढीन, पण प्रत्येक बघून काढीन.’’ आबासुद्धा त्याच्याच बाजूनं. ‘‘काढू दे गं त्याला. मी कुठं पळून चाललो?’’ मग दुपारभर तो काढत बसला. एक काढायचा, थांबायचा, खुर्चीभोवती फिरायचा, पुन्हा एक.

रीळ धुवायचं रसायन नेमकं संपलेलं. पुण्याहून यायचं होतं. ते यायच्या आत आठव्या दिवशी आबा गेले. आमच्यात माणूस गेला की पुण्यानुमोदनाचा विधी करतात, त्याचा फोटो समोर ठेवतात, फुलं वाहतात. ठेवायला आमच्याकडं काय होतं? पेन्शनच्या पुस्तकावरचा आबांचा फोटो! शिक्क्याची निळी कड गालावर आलेली. तोच मोठा करून लावला. फोटोग्राफरच्या बापाचा फोटो! दुनियेचे काढले, घरच्यांचे नीट काढायचे राहूनच गेले होते. पाहुणे एकमेकांकडं बघत होते. मी मनाला समजावत होते, रीळ आहे, रसायन येईल, रिळात आबा आहेत.

रसायन आलं. दोन दिवसांनी सुन्या फुलंब्रीला आला, चपला काढायचं विसरून तसाच आत आला आणि म्हणाला, ‘‘अक्का, रीळ चढलंच नव्हतं.’’ मला कळेना. मग त्यानं सांगितलं. रिळाचं टोक आतल्या खाचेत नीट अडकलं नव्हतं. कॅमेरा खटखट वाजत होता, वरचा आकडा एक-दोन-तीन करत छत्तीसपर्यंत गेला, आणि आतलं रीळ जिथल्या तिथं. छत्तीसचे छत्तीस कोरे. म्हाताऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘‘मियाँ, बायाँ चक्का घूम रा क्या, देखते रहना.’’ आत रीळ सरकत असेल तरच ते डावीकडचं चाक फिरतं. डिजिटलवाल्याला ती सवय कुठून असणार? फोटो काढला की मागं दिसतो, हेच वीस वर्षं अंगात मुरलेलं. मी विचारलं, ‘‘तू बघितलं नाहीस चक्क्याकडं?’’ तो म्हणाला, ‘‘मी आबांकडं बघत होतो.’’

त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिते, कारण ते लपवलं तर या लेखाला काही अर्थ नाही. मी म्हणाले, ‘‘खिशात मोबाईल होता ना मुडद्या तुझ्या? एक फोटो काढायला काय धाड भरली होती? आबा एकदा गेले होते, तू त्यांना दुसऱ्यांदा घालवलंस.’’ बोलताना मला बरं वाटत होतं, हेही खरं. तो उभा राहून ऐकत होता. एकदा मान वर केली, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण नाही बोलला. पाणीसुद्धा न पिता गेला. मग चौदा महिने मी त्याचा एक फोन घेतला नाही. राखी पाठवली नाही. भाऊबीजेला घराला कुलूप लावून नणंदेकडं गेले.

त्याला पोहोचवून आलो, त्याचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. शोभा माझ्याजवळ येऊन बसली आणि एक कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. ‘‘अक्का, हे तुमचं. द्यायला आले होते ते, मागच्या उन्हाळ्यात. तुमच्या गेटपर्यंत येऊन गेले.’’ मला आठवलं. खिडकीतून दिसला होता मला. मीच यांना म्हणाले होते, सांगा झोपलीय. हे सांगायला गेले आणि तो बरं म्हणून निघाला, उन्हात, बसनं.

पिशवीत शाळेची दोनशेपानी वही होती. शोभा म्हणाली, रिळावर काम करायचे तेव्हा प्रत्येक फोटोची ओळ लिहायचे. डिजिटल कॅमेरा सगळं आपोआप नोंदवून ठेवतो, हा काही ठेवत नाही. म्हणून कोणता फोटो, उजेड कुठून, आकडे कोणते, सगळं हातानं लिहायचं, म्हणजे धुतल्यावर काय चुकलं ते कळतं. त्या रविवारचीही पानं होती. छत्तीस ओळी, त्याच्या तिरक्या अक्षरात. मी तिथंच वाचायला लागले. ‘१. आबा. दाढीचा साबण कानामागं राहिलाय, सांगितलं नाही. २. आबांचे हात. नखात अजून ग्रीस असल्यासारखं वाटतं.’ पाचव्या ओळीत आबा शोभाला चहात साखर मागतायत. अकराव्यात मी आबांची कॉलर नीट करतेय. सोळाव्यात आम्ही दोघं, मला हवा होता तो. वाचता वाचता मी हसत होते. शोभाला म्हणाले, ‘‘बघ, सगळे दिसतायत गं.’’ 

मग सत्ताविसावी ओळ आली. ‘२७. अक्का मोबाईलवर. आबा तिच्याकडं बघतायत. बऱ्याच वेळापासून. खिडकीचा उजेड चांगला. हा नक्की येणार.’

खरं आहे. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर रविवारीही माहिती मागतात, पोषण आहाराची, पटसंख्येची. ती भरत बसले होते मी, आबांच्या शेजारी. फोन माझ्याच हातात होता. त्यातही कॅमेरा होताच की. सुन्यानं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, लिहून ठेवलं होतं, आणि मी त्याला घालून-पाडून बोलत होते तेव्हा हे एक वाक्य माझ्या तोंडावर फेकायचं त्याच्या जिवावर आलं. मेल्या, फेकायचं होतंस ना. भांडलो असतो, रडलो असतो, चार दिवसांनी जेवायला आला असतास...

वही माझ्या उशाशी असते. पुढं अजून नऊ ओळी आहेत. त्या वाचायची माझी हिंमत होत नाही.