पॉवरहेडचं तोंड

आई गेल्यावर मी बाबांना शहपुऱ्यातल्या शेतावरच्या घरून शहरात, महाराजपुरातल्या आमच्या घरी आणलं. आणलं म्हणजे जवळजवळ उचलूनच. विचारत बसले नाही. माझा स्वभावच तसा, एक घाव दोन तुकडे. बाबा आले, पण रोज चहाबरोबर त्यांचं एकच वाक्य असायचं, "रविवारी मी परत जातो." त्या रिकाम्या घरात ते एकटे कसे राहतील, हाच मला घोर होता.

त्यांचं मन रमावं म्हणून मी काचेची टाकी आणि चार गोल्डफिश आणले. बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यात मे महिना. पाणी तापलं आणि मासे वर येऊन तोंड वासू लागले. ओमती बाजारातल्या मासेवाल्या दुकानदारानं पॉवरहेड दिलं. मुठीएवढी मोटर, आतून काचेला चिकटते, एकीकडून पाणी ओढते आणि दुसरीकडून फेकते. "दीदी, ऊपर का पानी हिलेगा तो मछली को हवा मिलेगी," तो म्हणाला.

मी मोटरीचं तोंड थेट टाकीच्या मधोमध केलं आणि बटण शेवटापर्यंत फिरवलं. टाकीत नर्मदेचा पूर आला! लांब शेपटीचा मासा कोपऱ्यात ढकलला गेला. बिचारा पंख मारत पुढे यायचा, पुन्हा मागे जायचा. दाणे त्याच्या तोंडासमोरून पळायचे. दोन दिवस त्यानं काही खाल्लं नाही, तेव्हा मी काचेवर टकटक करून ओरडले, "अरे, खा ना! तुझ्यासाठीच केलंय सगळं!"

"काहून ओरडून राहिली त्याच्यावर?" मागून बाबा म्हणाले. "त्याले उभं तर राहू दे."

ते उठले. आधी प्लग काढला. मग बाही वर करून हात पाण्यात घातला, मोटरीचं तोंड मागच्या काचेकडे, जरासं वर वळवलं आणि बटण अर्ध्यावर आणलं.

"मटाराच्या वाफ्यात पाइप सरळ सोडला तर रोप उपटून येते, बाई. दगडावर सोडा लागते. मग पाणी आपसूक पसरते."

प्लग लावला तसं वरचं पाणी थरथरलं आणि खालचं हळूहळू फिरू लागलं. मासा बराच वेळ कोपऱ्यातच होता. मग बाहेर आला, दाणा उचलला, थुंकला, पुन्हा उचलला. बाबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. मला आनंद झाला आणि लाजही वाटली, कारण बाबांनाही मी असंच रेटत होते.

त्या दिवसापासून मी त्यांना जेवा, फिरा, टीव्ही पाहा, असं सांगणं बंद केलं. बाबा आपणहून टाकीपाशी खुर्ची ओढू लागले. जुन्या टूथब्रशनं मोटरीची जाळी घासू लागले.

शनिवारी मन घट्ट करून मीच विचारलं, "बाबा, उद्या किती वाजता सोडू तुम्हाला शहपुऱ्याला?"

"तूच जाऊन ये. घर झाडून ये," जाळीवरची नजर न काढता ते म्हणाले. "इथं मोटर तुंबली तर कोण पाहते?" मग म्हणाले, "अन् येताना माझे दोन्ही स्वेटर घेऊन ये."

बाहेर मे महिन्यातली गरम लू वाहत होती; स्वेटर लागायला अजून पाच-सहा महिने होते. मी स्वेटरसाठी मोठी पिशवी शोधायला उठले.