पाच फूट दहा

लव्हॉन ट्वेट ही गावच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं होती आणि चौतीसही वर्षं वाकून चालली. दारं काही तेवढी बुटकी नव्हती. शाळेत पोरं विचारायची, "काय गं शिडे, वर बर्फ पडतोय का?" तेव्हा खांदे जे पुढे आले, ते पुन्हा मागे गेले नाहीत.

वयाच्या एकतिसाव्या वर्षी ग्रंथालयातली जुनी मासिकं रद्दीत काढताना तिला एका पानावर छोटी चौकट दिसली. उंच माणसांच्या कुठल्याशा मंडळाची शिष्यवृत्ती. मुलींची उंची किमान पाच फूट दहा, वय एकविसाच्या आत. लव्हॉन पाच फूट अकरा होती. मासिक तेरा वर्षांपूर्वीचं, "कॉलेज आपल्याला झेपायचं नाही, बाळ" असं वडील म्हणाले त्याच वसंतातलं. इतकी वर्षं ते तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, ग्रंथालयाच्या कपाटात पडून होतं.

मग पुस्तकांच्या सूचीकार्डांच्या एका रिकाम्या खणात ती असल्या चमत्कारिक शिष्यवृत्त्या जमवू लागली. डावखुऱ्यांसाठी. बदकाची हुबेहूब हाक काढणाऱ्यांसाठी. कुण्या दिवंगत सुताराचंच आडनाव असणाऱ्यांसाठी. त्या खणातून गावातली अकरा मुलं बाहेर पडली. नाताळात त्यांची पत्रं येत. पाकिटावरचं शहराचं नाव ती दोनदा वाचायची.

यंदा तिने ती उंचीची शिष्यवृत्ती गावातल्या शाळकरी मॅरिट हौगनला सुचवली होती. मॅरिटला नद्यांचा अभ्यास करायचा होता. हे पैसे मिळाले नाहीत, तर आईबरोबर टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात उभं राहायचं, एवढंच ठरलेलं.

अर्ज जायच्या आदल्या दिवशी मॅरिटने ग्रंथालयात येऊन अर्जाचा कागद टेबलावर टाकला. शाळेच्या नर्सने लिहिलं होतं : पाच फूट साडेनऊ.

"जन्मभर मला जिराफ म्हणाले, ट्वेटबाई. आणि ऐन वेळी मी बुटकी."

"कधी मोजलं?"

"आत्ताच. व्हॉलीबॉल खेळून आल्यावर."

"अगं, दिवसभरात माणूस खचतं. कणा दबतो. सकाळी अर्धा इंच तरी जास्त असतं."

"चेष्टा करताय."

"उद्या साडेसातला तुझ्या दारात गाडी आणते. मागच्या सीटवर आडवी पडून यायचं."

"आडवी? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीने मढं पळवलं."

सकाळी मॅरिट खरंच आडवी पडून आली. तिचे बूट खिडकीला टेकले होते. शाळेत नर्स डोरीन नुकतीच कोट काढत होती.

"रात्रीतून खत घातलंत की काय हिला?"

"तू मोज तर."

मॅरिट भिंतीला टेकली आणि सवयीने खांदे गोळा करून उभी राहिली. लव्हॉन जवळ गेली. तिने दोन्ही हात पोरीच्या खांद्यांवर ठेवले आणि हलकेच मागे नेले.

"इथे कुणी हसणार नाही."

डोरीनने पट्टी खाली सरकवली. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "पाच दहा. वर दोराभर जास्तच." जुना आकडा खोडून तिने सही केली आणि अर्ज टपालाच्या पेटीत टाकायला स्वतः गेली.

मॅरिट हसत होती, डोळे ओले. "आता तुम्ही उभ्या राहा, बाई."

"माझं काय मोजायचं?"

पण ती उभी राहिली. टाचा भिंतीला लावल्या, पाठ लावली, खांदे जितके जातील तितके मागे नेले. पट्टी केसांना अलगद टेकली.

"किती?"

मॅरिटने आकडा दोनदा वाचला. "पाच नऊ. ताठ राहा ना, बाई."

"ताठच आहे गं."

बाहेर पहिल्या तासाची घंटा झाली.

"पळ, उशीर होईल," लव्हॉन म्हणाली. ती स्वतः मात्र तशीच भिंतीला टेकून राहिली, डोक्यावरची पट्टी हलू न देता.