फळ्यावरचा शेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नाही. सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, म्हणून.

नोकरीतली माझी पहिली वही मी उलटी उघडली.

ईट गावची शाळा. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं सगळं शिक्षण उर्दूतून. घरी मराठी बोलायचो, पण हात उर्दूवर बसलेला. नव्या मास्तरानं वर्षभर हेडमास्तरांच्या हाताखाली उमेदवारी करायची, असा नियम होता. उद्या काय शिकवणार त्याचं टाचण रोज लिहायचं, त्यांना दाखवायचं, लाल शाईचा शेरा घ्यायचा. वर्षाच्या शेवटी त्यांचा अहवाल बरा गेला तर नोकरी कायम. नाहीतर घरी.

मी टाचण मराठीतच लिहिलं होतं. फक्त सुरुवात वहीच्या शेवटच्या पानावर केली होती. उर्दू वही तिकडूनच उघडते. सवय.

हेडमास्तर तुळजापूरचे, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी दप्तरात काम केलेल्या घरातले. त्यांनी वही सगळ्या वर्गाला दिसेल अशी उंच धरली.

"काय हो मास्तर, धोतरही असंच नेसता का? मागनं पुढं?"

पोरं हसली. मीही हसलो. ते माझं हसणं मला अजून ऐकू येतं.

मग ते म्हणाले, "मेंढरं वळणारा हात तुमचा. अक्षर वळायला वेळ लागायचाच."

माझे वडील मेंढरं वळायचे. अर्जात मीच लिहिलं होतं.

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर शेरा लिहिला : वही उलटी, अक्कल उलटी. पाढे म्हणायला लावतात तसं वर्गाला म्हणायला लावलं. तीन वेळा. मी फळ्याच्या कडेला उभा. मग फडकं माझ्यापुढं धरलं.

"पुसा आता."

मी पुसलं. स्वच्छ पुसलं.

वर्षभर हेच. मी 'पानी' म्हणालो की फळ्यावर शेरा. 'लई' म्हणालो की शेरा. पुसणारा मीच. त्या वर्षात मी माझी जीभ बदलली. सुट्टीत घरी गेलो. आई म्हणाली, "पानी देऊ का रं?"

मी म्हणालो, "पानी नाही. पाणी."

तिनं तांब्या ठेवला. त्यानंतर माझ्यासमोर ती कमीच बोलायची. खुणेनं जेवायला बोलवायची. तशीच गेली.

मी कायम झालो. चांगला शेरा मिळाला. पुढं ट्रेनिंग झालं, बदल्या झाल्या, आणि येडशीजवळच्या एका गावात मी हेडमास्तर झालो. लाल शाईची दौत आता माझ्या टेबलावर होती.

माझ्या हाताखाली उमेदवारीला एक बाई आल्या. सोनारीकडच्या. घर मेंढरांवर चाललेलं. घरात शिकलेल्या त्या पहिल्याच. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमचं मूळ गाव कंचं?"

"तुळजापूर," मी म्हणालो. खोटं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा पाठ पाहायला मागं बसलो. बाईंनी विचारलं, "पोरांनो, हिरीत पानी कुठनं येतं?" सगळ्या वर्गाचे हात वर. एक पोरगी तर बसल्या जागेवर उड्या मारत होती. माझ्या वर्गात असे हात कधी वर आले नव्हते.

मला काय झालं ते आज सांगतो. त्या माझ्या आईसारख्या बोलत होत्या. हुबेहूब. मला वाटलं, अजून दोन वाक्यं ऐकली तर माझ्याही तोंडून तेच निघेल. सगळ्यांसमोर.

मी उठलो. फळ्यावर लिहिलं : बाईंची भाषा अशुद्ध आहे. कोणीही तसे बोलू नये. वर्गाला वाचायला लावलं. पोरं दबकत वाचत होती. मग मी फडकं पुढं धरलं.

"पुसा आता."

बाईंनी फडकं घेतलं नाही.

"तुमी लिवलं, तुमीच पुसा." आवाज चढवला नाही. खडू घेतला आणि माझ्या ओळीखाली लिहिलं : मान्य न्हाय. खाली आपलं नाव. खडू जागेवर ठेवला.

मग माझ्याकडं वळल्या.

"गुरुजी, तुमच्या आई काय म्हनायच्या पान्याला?"

फळा मीच पुसला.

अहवाल मी त्याच आठवड्यात पाठवला. वर्तन उद्धट. भाषा सदोष. अध्यापनास अयोग्य. खाली सही. चार ओळींत बाईंची नोकरी गेली. जाताना त्यांनी टाचणवही टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या पाठाचं बी लिवलंय. पोरांचं अडू नये." बास. पोरं कितीतरी दिवस विचारत होती, "बाई कवा येनार?" मी हजेरी घेत राहिलो.

जे मला सोसलं नव्हतं ते मी जपून ठेवलं आणि पुढच्याच्या ताटात वाढलं. बाईंनी ते एका खडूत नाकारलं. मला ते उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

गेल्या सोमवारी नवा मास्तर उमेदवारीला आलाय. त्याच्या टाचणात 'पानी' होतं. टाक शाईत बुडवला. तसाच ठेवला. दौत खिडकीबाहेर रिकामी केली. त्याला म्हणालो, "चांगलं लिहिलंय. चला, वर्गावर जा."

मग कागद घेतला आणि शिक्षण खात्याला लिहिलं : बाईंबद्दलचा माझा अहवाल खोटा होता. पाठ उत्तम होता. दोष माझा होता. सही केली. कागद आज टपालात गेला. खातं माझं काय करायचं ते करो.

पण त्या कागदानं फिटत नाही. बाईंनी मला भर वर्गात विचारलं होतं. उत्तर मी अजून दिलेलं नाही. सोनारीला जायचं आहे, बाईंच्या दारात उभं राहायचं आहे, गल्लीतल्या लोकांना ऐकू जाईल असं सांगायचं आहे :

माझी आई 'पानी' म्हणायची.

एवढं मी देणं लागतो.