उत्सुमीबाईंचे नऊ गुण

उत्सुमी चिझुरू आमच्याकडे आल्या त्या शोगीच्या मासिकातून. शोगी म्हणजे आमचं बुद्धिबळ. तोक्योतल्या जिम्बोचोमध्ये एकाच इमारतीत चौथ्या मजल्यावर ते मासिक निघायचं आणि दुसऱ्यावर आमचं व्हिडिओ खेळांचं साप्ताहिक. १९९८ साली वरचं मासिक बंद पडलं आणि बाईंचं टेबल, लाल पेन्सिली आणि बार्लीच्या चहाचा थर्मास असं सगळं दोन मजले खाली आलं. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. काम तेच, मुद्रितं तपासायची. मी पानं लावायचो, त्यामुळे माझं प्रत्येक पान त्यांच्या हाताखालून जायचं आणि लाल होऊन परत यायचं.

खेळाचा रिमोट त्यांनी कधी हातात धरला नव्हता. पण पुढच्या वर्षी आमच्या चार परीक्षकांपैकी एकाचं अपेंडिक्स निघालं, आणि त्याच आठवड्यात ‘शिओमाची’ नावाचा खेळ परीक्षणाला आला. भरतीची वाट पाहणाऱ्या एका बेटाची गोष्ट होती ती. आधी बेटावरच्या माणसांचं बोलणं वाचायचं, चित्रांसकट, पानामागून पान, कादंबरी वाचावी तसं. मध्ये मध्ये खाडीतले चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, आणि मग चौकटींच्या पटावर ते मांडून लढायचं.

“पट आहे म्हणता ना? मग शोगीवाल्या बाईंनाच द्या की,” असं आमचा मुख्य परीक्षक नेझू थट्टेत म्हणाला. संपादक कुवाबारासाहेबांनी ते खरंच केलं.

आमच्याकडे रीत अशी होती, की चौघांनी दहापैकी गुण द्यायचे आणि प्रत्येकाने पाच-सहा ओळी लिहायच्या. मुदत आठ दिवसांची. हातात एका वेळी पाच-पाच खेळ असायचे, त्यामुळे बाकीचे तिघे तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे गेले नाहीत. त्यांनी पाच, चार आणि सहा गुण दिले. चार नेझूचे. “वाचूनच डोळे दुखले, लढाई कधी येते कुणास ठाऊक,” असं त्याने लिहिलं होतं.

बाईंनी आठही दिवस दुसरं काही केलं नाही. कचेरीच्या मागच्या खोलीत वही उघडून बसायच्या आणि शोगीचे डाव टिपावेत तशी एकेक चाल टिपायच्या. दुपारी खारवलेलं आंबट उमे फळ घातलेला भाताचा गोळा खायचा तोही पडद्यासमोरच. सहाव्या दिवशी मी डोकावलो तर त्या खुशीत होत्या.

“अहो, हे बघा. पाचव्या प्रकरणात उलगडा होतो,” त्या म्हणाल्या. “आधी आपण त्या प्राण्याशी जसं बोललो असतो ना, तसा तो पटावर वागतो. मी या कासवाला सारखी घाई केली होती, तर आता ते सांगितलं नसताना पुढे धावतंय. ते वाचायचं आणि हे लढायचं वेगळं नाहीच!”

त्यांनी नऊ दिले. शेवटची ओळ होती : “बावन्न तास लागले, खेळ पूर्ण केला.”

नेझू ती ओळ वाचून लाल झाला. “ही आम्हाला चपराक आहे काय बाई?”

“नाही हो. मी किती खेळले ते लिहिलंय. तुम्हीही लिहा ना.”

कुवाबारासाहेबांची काळजी वेगळी होती. त्या अंकाच्या मागच्या पानावर ‘शिओमाची’चीच जाहिरात होती. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. “पाच, चार, सहा, आणि मध्येच नऊ. लोक म्हणतील, जाहिरातीच्या बदल्यात दिले. सात करा, सात चांगले दिसतात.”

“जाहिरात कुणाची आहे ते मी पाहिलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “आता दिसली म्हणून गुण बदलू?”

नऊ छापले गेले. साहेब म्हणाले होते तसंच झालं. पोस्टकार्डांवर पोस्टकार्डं आली. ‘नऊवाल्या बाईंना किती मिळाले?’ असं एकाने लिहिलं, दुसऱ्याने त्यांना निवृत्त व्हायचा सल्ला दिला. खेळ फारसा खपला नाही. बाईंनी ती कार्डं वाचली, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका सवयीने दुरुस्त केल्या आणि खोक्यात टाकली.

दोन महिन्यांनी एक जाडसर पाकीट आलं. शिमानेतल्या हामादा बंदरगावी कानेसाका नावाचे शाळेच्या बसचे चालक होते, त्यांचं. शिवीगाळ काही नव्हती. बाईंचं परीक्षण वाचून त्यांनी खेळ घेतला होता आणि त्यांना तो फार आवडलाही होता. पण सातव्या प्रकरणात बेटावरचा बोटींचा धक्का पाण्याखाली जातो तेव्हा तीन पाणप्राणी लागतात. ज्याने ते आधीच खाडीत सोडून दिले, त्याला पुढे जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. ‘माझे चाळीस तास तिथेच बसून आहेत. आपल्याला हे दिसलं नाही का?’ असं त्यांनी विचारलं होतं.

बाईंनी एकही प्राणी सोडला नव्हता. त्यांना दिसणार कुठून? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मुद्दाम प्राणी सोडले, आणि तीन आठवड्यांनी त्याच धक्क्यावर अडकल्या. मग वही घेऊन साहेबांकडे गेल्या.

“माझे गुण चुकलेत. सात करायचे आहेत.”

साहेब आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई गंमत करत नाहीयेत. “तेव्हा मी सात म्हणालो तर तुम्ही ऐकलं नाहीत!”

“तेव्हा नऊ होते. आता सात आहेत.”

“आपल्याकडे छापलेला गुण आजवर कुणी बदललेला नाही. आज तुम्ही बदललात तर उद्या प्रत्येक कंपनी दारात उभी राहील. नाही म्हणजे नाही.”

बाई वही घेऊन टेबलाशी परत आल्या. पण शुद्धिपत्राची चौकट त्यांच्याच ताब्यात होती. फोन नंबर चुकला, नाव चुकलं, असलं काही तिथे जायचं. पुढच्या अंकाचं पान माझ्याकडे आलं तेव्हा त्यात तीन ओळी जास्त होत्या : ‘शिओमाची, सातव्या प्रकरणात वाट बंद होऊ शकते. हे परीक्षकाने तपासले नव्हते. गुण नऊ नसून सात. उत्सुमी.’

“साहेबांना माहीत आहे?” मी विचारलं.

“नाही. तुम्हाला काढायच्या असतील तर काढा. मी रागावणार नाही.”

मी पान तसंच लावलं.

साहेबांनी त्या ओळी छापून आल्यावरच वाचल्या. बाईंना परीक्षणातून काढलं, मला बोलणी बसली. गंमत म्हणजे नेझूने त्यानंतर बाईंकडून तो खेळ मागून नेला आणि संपवला. परत देताना एवढंच म्हणाला, “चार जरा कमी झाले. पण सुरुवात कंटाळवाणीच आहे, ते मी मागे घेणार नाही.”

“घेऊही नका,” बाई म्हणाल्या. “मलाही झोप आली होती.”

कानेसाकांना त्यांनी स्वतः पत्र लिहून माफी मागितली आणि कोणते तीन प्राणी जपायचे ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं, सोबत वाळवलेल्या माशांचं पुडकं. त्यांनी खेळ नव्याने सुरू केला होता.

बाई आता सत्तरीला आल्या आहेत आणि वस्तीच्या सभागृहात शोगी शिकवतात. इकडे इंटरनेटवर ‘शिओमाची’ला मोठा मान मिळाला आहे. काळाच्या पुढचा खेळ, टीकाकारांना कळला नाही, फक्त एका बाईला कळला, असं लिहितात आणि खाली तो नऊचा आकडा देतात. ते तीन ओळींचं शुद्धिपत्र कुणाच्या संग्रहात नाही. गेल्या वर्षी एका मुलीने मुलाखतीसाठी फोन केला तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. बाईंनी तिला धक्क्याची सगळी हकीकत सांगितली, पाणप्राण्यांच्या नावांसकट. मुलीला ती ऐकायची नव्हती. तिला एकटीने सगळ्यांच्या विरोधात उभं राहण्याबद्दल ऐकायचं होतं.

“अगं, विरोध कसला? कामच होतं ते,” बाई म्हणाल्या. मग फोन ठेवून त्यांनी चहा ओतला आणि पुढचा अर्धा तास त्या मुलीने ‘प्रकरण’ हा शब्द कसा चुकीचा उच्चारला, यावर बोलत राहिल्या.